शेरा

रविवारी दुपारी दोनच्या पुढं
आमच्या टाकीवर तवंग येतो, लालसर.
अख्ख्या कोल्हापूरनं एकदमच हात धुतलेले असतात.
बाबालाल मुल्लाणी जाळीपाशी वाकून म्हणतो,
मटण महागलंय बघा, तेल पातळ हाय आज.

अठरा वर्षं मी हे शहर मागल्या दारानं ओळखतो.
रंगपंचमीला जांभळं पाणी,
दिवाळीच्या पहाटे उटण्याचा वास, तासभर उशिरा.
बोर्डाची परीक्षा आली की चारलाच आवक वाढते.
जाळीत अडकतात केसांचे पुंजके, शाम्पूच्या पुड्या,
एकदा कुणाची तरी कवळी.
बाबालालनं ती धुऊन खिळ्याला टांगली.
अजून हसत असते तिथं.
न्यायला कोण येणार?

लोकांना वाटतं, मोरीत गेलं म्हणजे गेलं.
जात काही नाही.
जयंती नाल्यानं उतरतं, पंपानं चढतं,
बावड्याला आमच्या दारात येऊन उभं राहतं.

लिटरभर काचेच्या नळीत घेतो
आणि तीस मिनिटं नुसता बघत बसतो.
तपकिरी कण एकमेकांना धरतात,
जड होतात, खाली बसतात,
वर पाणी उरतं.
नाकाशी नेलं तर घाण नाही येत,
शेंगांच्या पोत्यात तोंड घातल्यासारखा मातकट वास.
बायकोला हे पटलेलं नाही.
डोळ्यांना दिसत नाहीत, पण जित्राबंच ती,
माझ्या गोठ्यातली. शहराचं उष्टं खातात.
वैरण नको, पाणी नको, फक्त वारा लागतो.
ब्लोअर थांबला की गुदमरतात.

चैत्रातली रात्र. जोतिबाची यात्रा,
लॉजं भरलेली, नाला तुडुंब,
नदी मात्र घोट्याएवढी.
दोन चाळीसला लाइट गेली.
जनरेटरच्या डिझेलचे शंभर लिटर कागदावर,
टाकीत बूड ओलं होण्यापुरतं.
पंपावरनं तुषार आवळेचा फोन:
आण्णा, बांधावरनं चाललंय सगळं.
मग शांतता.
अठरा वर्षांत मला पहिल्यांदाच
आवारातले बेडूक ऐकू आले.

रजिस्टरात वेळ लिहिली.
शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'सुरळीत'.
पेन कुठं अडलंसुद्धा नाही.

तिसऱ्या दिवशी राजाराम बंधाऱ्यावर
मासे पोटं वर करून.
पोरं पोत्यात भरत होती,
कुणी विकायला, कुणी पुरायला, विचारलं नाही.
आठवड्यानं शिरोळकडनं अक्काचा फोन.
पाण्याला वास मारतोय रे,
धाकट्याचे डोळे पिवळे दिसाय लागलेत.
उकळून प्या, म्हटलं.
ती म्हणाली, किती उकळू?

बाटल्या घेऊन साहेब आले ते नंतर,
चांगल्या दिवशी.
नमुना स्वच्छ निघाला. तोही खराच होता.

काल पुन्हा गेली.
तीन दहा ते पाच पंचवीस.
पोर बरं आहे आता, भात खातंय,
म्हणून नव्हे,
आणि मी काही एकदम शूर झालो म्हणूनही नव्हे.
नळी हातात होती. तीस मिनिटं झाली,
काही खाली बसेना.

रकाना आखलाय एका शब्दापुरता.
मी लिहिलं: वीज नाही. डिझेल नाही.
सव्वादोन तास नाला तसाच नदीत गेला.
खालच्या गावांना कळवावं.
अक्षरं रेघ ओलांडून
उद्याच्या तारखेत उतरली.

बाबालालनं चष्मा लावून दोनदा वाचलं.
वाटलं, म्हणेल, खोडा.
म्हणाला,
डिझेलचा झ नीट काढा आण्णा,
वाचाय आला पायजे.