बदकाच्या पुढचं स्टेशन

आई स्टेशनांची नावं घ्यायची नाही.
म्हणायची, घोडेस्वाराला चढायचं,
विमान जाऊ द्यायचं, पिसांचा मुकुट जाऊ द्यायचा,
बदक दिसलं की पिशव्या उचलायच्या.
बदकाच्या पुढं सफरचंदांची पेटी,
तिथं उतरायचं.

मेक्सिको शहराची पहिली मेट्रो, एकोणसत्तर सालची.
नकाशात गुलाबी रेघ.
दर स्टेशनाला एक चित्र काढून ठेवलं होतं
कुणा शहाण्याने, वाचता न येणाऱ्यांसाठी.
अशांना अक्षरशत्रू म्हणतात.
शत्रुत्व कसलं, ओळखच कुणी करून दिली नव्हती.
रबरी चाकांची गाडी फारसा आवाज न करता आली
आणि तोमासा नावाच्या एका बाईला वाटलं
हे शहर आपल्याशीही बोलतंय.

पेटीच्या बाजारात ती फड्या निवडुंगाची पानं विकायची.
मांडीवर फडी, हातात बोटभर सुरी,
काटे तासून झाले की हिरवी थप्पी.
एखादा काटा बोटात राहायचाच.
दुपारी ती तो दातांनी काढायची, बोलता बोलता.

रविवारी मात्र आम्ही पेटीला उतरायचो नाही.
पुढं चुलीवरचा तवा, मग गलबतं, कारंजं, तोफ,
गरुडाचं डोकं, घंटा,
पाटाच्या कमानी,
आणि शेवटी नाकतोडा.
नाकतोड्याला बाग होती, तळं होतं,
भाड्याच्या होड्या होत्या. आम्ही त्या नुसत्या बघायचो.

बाप, फिदेन्सिओ, ही रेघ खणणाऱ्यांतला.
ज्या सरोवराला बुजवून वर शहर बसवलं
त्याचा काळा गाळ नखांत घेऊन घरी यायचा.
एका रात्री म्हणाला, फावडं दगडाला लागलं.
खाली गोल देऊळ आहे. वाऱ्याच्या देवाचं.
आई म्हणाली, हो का,
वारा जमिनीखाली राहायला गेला वाटतं?
आणि तिने त्याचं तोंड हुंगलं.

तो सांगत राहिला. लग्नांत, बारशांत,
उधारी मागायला आलेल्या दुकानदारालासुद्धा.
हळूहळू आम्हीही हसायला शिकलो.
मग खोकला लागला आणि सांगणं कमी झालं.
मग तो गेला.

रेघ वाढली. पश्चिमेला पाण्याचा घडा,
त्यापुढं वेधशाळेचा घुमट.
पूर्वेला दोन झेंडे:
सरोवर होतं तेव्हा तिथं भोवरा होता म्हणे,
होडीवाल्यांना कळावं म्हणून रोवलेले.
आई म्हणाली, बघ, तेव्हाही
वाचता न येणाऱ्यांची काळजी होती कुणालातरी.

त्रेसष्टाव्या वर्षी ती चर्चमागच्या खोलीत
संध्याकाळच्या वर्गाला जाऊ लागली.
रिकाम्या पाकिटांवर अक्षरं, भिंतीवर अक्षरं,
निवडुंगाच्या पानावर नखाने अक्षरं.
आणि एका मंगळवारी, बदकाच्या पुढं,
गाडी थांबली तेव्हा तिने चित्राकडं बघितलंच नाही.
खालची पाटी धरली.
मे. मेर.
दारं मिटली तेव्हा ती 'से'वर होती.

चाळीस वर्षांत पहिल्यांदा चुकली.
तव्याला उतरली, चिडून, दोन्ही हातांत पिशव्या.
परतीची गाडी शोधत बोळकांडीत शिरली
तर मधे आभाळ उघडं,
आणि आभाळाखाली ते:
गोल, दगडी, पायऱ्यांचं,
तिच्या खांद्याहून फार उंच नाही.
माणसं वळसा घालून चालली होती,
खांबाला घालतात तसा.

पाटी वाचायला तिला अर्धा तास लागला, असं ती सांगते.
मला वाटतं जास्तच लागला असणार,
कारण त्या दिवशी बाजारात तिची जागा
अकरापर्यंत रिकामी होती.
भुयारात गाडी यायच्या आधी वारा येतो,
रोजचाच, तोंडावर केस आणणारा.
तोही आला असेल तेवढ्या वेळात
पाच-पंचवीस वेळा.

रात्री घरी काही बोलली नाही.
दुसऱ्या दिवशीची पानं पुढ्यात ओढली.
म्हणाली, तवा नाहीये तो.
मी विचारलं, कुठला तवा?
बराच वेळ नुसता सुरीचा आवाज.
मग म्हणाली,
त्या रात्री प्यायला नव्हता गं तो.