यर्को, फाइल तुझ्याकडे

आधी ठिकाण सांग त्याला.
हे सॉफ्टवेअर उत्तर गोलार्धात जन्मलं,
सांगितलं नाहीस तर सूर्य दक्षिणेकडूनच आणील
आणि आपल्या पुन्ता अरेनासच्या स्वयंपाकघरात
भर जानेवारीत सावली पाडून मोकळं होईल.
अक्षांश टाक, उणे चिन्हासकट.
त्या एवढ्याशा आडव्या रेघेवर
ग्रिसेल्दाबाईंची टोमॅटोची रोपं जगायची आहेत.

मग मजले. भिंती नंतर.
माहीत आहे, भिंत ओढायला हात शिवशिवतात,
पण भिंतीचा माथा मजल्याला बांध, आकड्याला नको.
नाहीतर छप्पर वर जातं
आणि भिंत खालीच राहते,
पाहुणे गेले तरी दारात उभ्या यजमानासारखी.

शून्यबिंदू घराच्या कोपऱ्यात ठेव.
मोजणीवाल्याचा नकाशा येतो तो
एक्केचाळीस लाख मीटरचे आकडे घेऊन,
तसाच चिकटवलास तर रेघा थरथरतील.
तुला वाटेल वाऱ्याने.
नाही. या पडद्यात वारा नाही.

खरं तर हेच सांगायचं होतं.
दाराचं ते पाव वर्तुळ किती सुरेख फिरतं,
बाहेर उघडू दे म्हणशील, जागा वाचते.
पश्चिमेच्या भिंतीत असं दार मी एकदा दिलं होतं,
नोव्हेंबरात ते बिजागऱ्यांसकट शेजाऱ्यांच्या अंगणात गेलं.
सॉफ्टवेअरने एकही चूक दाखवली नव्हती.

लेयरना माणसाला कळतील अशी नावं दे.
तू आजारी पडशील, लग्न करशील,
"नवा तीन"मध्ये काय आहे
ते रात्री दहाला कोणी कोणाला विचारायचं?
कॉफीला उठण्याआधी सेव्ह कर,
वीज इथे वाऱ्याच्या मर्जीने असते.
शुक्रवारी तारीख घालून एक प्रत वेगळी काढ
आणि तिला हात लावू नकोस,
मोह झाला तरी.

जुन्या घरांकडे काटकोन मागू नकोस.
पत्र्याआडची लाकडं शंभर वर्षं वाकत आली आहेत.
सॉफ्टवेअर नव्वदवर खेचायला बघेल,
ते खेचणं बंद करून ठेव.
कोपरा एकोणनव्वदचा असेल तर असू दे,
कपाट त्याच कोपऱ्यात बसवायचं आहे.

आणि मापाचा आकडा.
त्यावर दोनदा क्लिक केलं की तो खोडता येतो,
हवा तो लिहिता येतो.
रेघ जागच्या जागी, आकडा साळसूद.
मी केलंय. एकदाच.
दवाखान्याचा जिना, सतरा पायऱ्या,
सकाळी नकाशे द्यायचे होते
आणि तीन सेंटिमीटर कुठेच बसेनात.
मी लिहिलं: सगळ्या सारख्या.
मापात पाप म्हणतात ते एवढंच असतं,
एका क्लिकचं, आणि त्याचा आवाजही होत नाही.
सुताराने कागद पाळला,
उरलेले तीन सेंटिमीटर
सतराव्या पायरीच्या पदरात घातले.

तिथे सगळे अडखळतात.
पडलं कोणी नाही अजून.
ओविदिओ रखवालदाराने ती पिवळी रंगवली,
रंग झिजला की पुन्हा रंगवतो, विचारत नाही कोणाची चूक.
नवी नर्स आली की तिला आधी जिना दाखवतात,
मग औषधांचं कपाट.
गावात आता सगळेच पायरी ओळखून आहेत.
मीही. गुडघा दाखवायला तिथेच जाते,
मोजत चढते,
सोळानंतर पाय जरा जास्त उचलते.

फाइलमध्ये तो जिना सापडेल तुला.
आकडा दुरुस्त केलाय मी: साडेएकोणीस.
बाकीच्यांपेक्षा वेगळा दिसेल, विचित्र दिसेल,
नीटनेटकं करायच्या भरात सारखा करू नकोस.

बाकी काही नाही.
खुर्ची मात्र वर करून घे,
ती माझ्या मापाची आहे.

— नेवेन्का