तारी मोटर्स

जामसंड्याच्या सड्यावर, बंद पडलेल्या चिरेखाणीत
जागा मिळाली. तीन बाजूंना तांबड्या भिंती,
भाडं महिना साडेतीन हजार.
मालक म्हणाला, पावसाळ्यात इथे तळं होतं हं.
मी म्हटलं, पावसाळ्यात गाड्या घेतं कोण.

पतसंस्थेत अकरा वर्षं मी वसुलीला होते.
तीन हप्ते थकले की गाडी उचलून आणायची.
किल्ली देताना माणसं कुठे बघतात
ते मला पाठ आहे. गाडीकडे नाही,
आपल्या चपलांकडे.
राजीनाम्यात कारण लिहिलं: घरगुती.

पेंटरने विचारलं, नावाआधी श्री घालू की सौ?
म्हटलं, नुसतं वृंदा तारी घाल,
आणि खाली, जुन्या गाड्या घेणे देणे.
आजोबा खाडीवर तर चालवायचे, माणशी दोन आणे.
मग तर उलटी पडली, तिच्याखाली कोंबड्या राहू लागल्या.
धंदा बुडाला असं आमच्या घरात कोणी म्हणत नाही.
पूल झाला, म्हणतात.

उद्घाटनाला गाड्या चार:
एक ओम्नी, दोन अल्टो, एक पांढरी स्विफ्ट.
बाबुलकाका गाऱ्हाणं घालायला उभे राहिले.
"बा देवा म्हाराजा, आज तुझ्या ह्या लेकरान नयी..."
आणि अडकले.
जुन्या गाडीसाठी देवाकडे काय मागायचं असतं
हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं.
नारळ हातात, आम्ही सगळे 'व्हय म्हाराजा'साठी तोंड उघडून.
शेवटी म्हणाले,
"जा काय हेंच्यावांगडा आधी घडला आसात,
ता थयच ऱ्हवांदे."
व्हय म्हाराजा.

चौथ्या दिवशी इस्माइल साटविलकरने, माझ्या मेकॅनिकने,
स्विफ्टचा पट्टा ओढला, अगदी शेवटपर्यंत,
जितका कोणी कधी ओढत नाही.
शेवटची वीतभर पट्टी चहाच्या रंगाची.
त्याने ती नाकाशी नेली.
"पुरातली हा. पाणी हयपर्यंत इला हुता,"
आणि बसल्या बसल्या हात स्वतःच्या छातीशी धरला.

एक लाख पंच्याण्णव हजार.
त्यात माझ्या पाटल्या होत्या.

"पट्टो बदलतंय. खाली धुवन काढतंय. कोणाक कळाचा नाय."
मी हो म्हटलं नाही.
नाही असंही म्हटलं नाही, हे खरं सांगायला हवं.
नवा पट्टा कणकवलीहून आला, साडेआठशेला.
तो पिशवीतच, ऑफिसच्या खुर्चीवर,
कारण ऑफिस म्हणजे तेव्हा एक खुर्चीच होती.

मग दत्ताराम कोयंडे आला, ट्रॉलरवरचा तांडेल,
बांगड्याचे पैसे खिशात, अंगाला डिझेलचा वास.
स्विफ्टभोवती दोनदा फिरला,
मधल्या बोटाच्या पेराने पत्रा ठोकत गेला,
फळी ठोकावी तसा, कान लावून.
म्हणाला, "खय गळता ता सांग.
गळत नाय अशी बोट मी बघूक नाय."

माझ्या तोंडून काहीच निघेना.
मी दार उघडलं आणि पट्टा ओढला.

तो बराच वेळ त्या वीतभर पट्टीकडे बघत राहिला.
पूर त्याने पाहिलेलेच असणार, मला तो काय विचारणार.
मग राखाडी अल्टोची डिकी उघडली,
तिथल्या भोकातून करंगळी आरपार घातली, हसला.
"ह्येचो गंज निदान समोर तरी हा."
अल्टो नेली. पाच हजार कमी करून घेतले, ते वेगळं.

स्विफ्ट अजून इथेच आहे.
डॅशबोर्डच्या खणात पावतीपुस्तकं, मागच्या सीटवर आरसी बुकांची फाइल,
पुढच्या सीटवर मी. काच खाली केली की समुद्राचा वारा,
तोच वारा जो बाकीच्या तिघींना रोज थोडा थोडा खातो.
कोणी विचारतं, ही केवढ्याला?
मी शेजारच्या सीटवर बसायला सांगते
आणि म्हणते, पट्टा लावून बघा. ओढा.
अजून ओढा.

मे संपत आला तेव्हा इस्माइलने तिला जॅक लावला
आणि चारी चाकांखाली दोन दोन चिरे सारले,
ह्याच खाणीतले.