सात पूर्णांक एक पंचमांश

सोहार. रात्रीचे साडेअकरा.
एसीचं पाणी बादलीत टपकतंय, ते मी मोजत नाही.
मोजायला पुस्तक आहे:
अ एक काम बारा दिवसांत संपवतो, ब अठरा.
दोघे मिळून किती?

एक छेद बारा, एक छेद अठरा,
लसावि छत्तीस. इथवर शाळेचंच.

पण मी टाइमकीपर. माझ्या ओळखीतला अ
म्हणजे फारूख, बांद्याचा, फरशी बसवताना शीळ घालणारा;
ब म्हणजे तुळशीराम, गुडघ्याला पट्टा,
जुलैत साडेबाराची शिटी झाली की सावलीला आडवा,
साडेतीनला हलवून उठवावा लागतो.
पुस्तकात ऊन नाही.
दोघांचं पटतं का, तेही दिलेलं नाही.

सात पूर्णांक एक पंचमांश. पर्याय क. बरोबर.

आठ तासांचा पंचमांश म्हणजे शहाण्णव मिनिटं,
आणि माझ्या हजेरीपत्रकात रकाने तीनच:
पूर्ण, अर्धा, गैरहजर.

वेळ होता दोन मिनिटं. मला लागली अकरा.
एमबीएला बसणाऱ्यानं असं रेंगाळायचं नसतं,
क्लासच्या बाई बजावतात.
पान उलटलं. टाकी, दोन नळ, एक गळती.

पुढच्या आठवड्यात, आठव्या दिवशी,
नाश्त्याआधीच फरशी संपली.
दोघांपुढे 'पूर्ण' लिहिलं.
पेन्सिलीनं नाही.