चारशे बारा

बाबाच्या भट्टीवर पहिला धडा वाऱ्याचा होता.
मी सात वर्षांची, भात्याच्या दोरीला लोंबकळणारी.
धानकापणीच्या तोंडावर विळ्यांचा ढीग पडायचा,
दाते पाडायला, पाणी द्यायला,
आणि बाबा वर न बघता म्हणायचा,
‘वारा कमी पडते, पोरी.’
कोळसा लाल होईस्तोवर ओढायचं.
थांबलं की लोखंड रुसतं.

बारावी झाली. नर्सिंगला नंबर लागला नाही.
चंद्रपूरला खिडकीतल्या माणसाने
यादीवरून बोट फिरवत विचारलं,
श्वसनोपचार चालेल का, एक जागा आहे.
मी हो म्हटलं, आणि बाहेर येऊन
तो शब्द पावतीवर पुन्हा वाचला.
गावात सांगितलं, दम लागणाऱ्यांचं शिकते.
ओट्यावरच्या तिघांनी लगेच आपापला दम सांगितला.

गेडाम मॅडमनी रबरी पिशवी हातात दिली.
समोर प्लास्टिकचा माणूस, कमरेखाली काहीच नसलेला.
मी दाबत सुटले.
त्याचं पोट फुगलं, वर्ग हसला.
मॅडमनी माझं मनगट धरलं,
‘लोहाराची का गं तू?’
त्यांना माहीत नव्हतं. सहज बोलल्या होत्या.
‘दे. सोड. आता थांब.
तो बाहेर सोडतोय, ते बघ.
अर्धं काम त्याचं आहे.’

बाकी सगळं लवकर आलं.
नळ्यांचे नंबर,
सिलिंडरचं काळं अंग, पांढरी मान,
राइस मिलच्या कोंड्याने भरलेली छाती
दारातून आत येतानाच ओळखणं.
थांबायला मात्र चार महिने लागले.
दोन श्वासांमधली ती रिकामी जागा
मला कामचुकारपणा वाटायची.

दुसऱ्या वर्षी ड्युटी लागली मूलच्या दवाखान्यात.
दुर्पताबाई सहारे पहाटे तीनला आल्या, बाजेसकट.
खाली झोपल्या होत्या, मण्यार चावली,
खूण मुंगीच्या चाव्याएवढी.
आधी पोट दुखतं म्हणाल्या,
मग पापण्या पडल्या, मग जीभ, मग मान.
डॉक्टरांनी नळी टाकली, सलाइनमधून औषध सोडलं.
व्हेंटिलेटर चंद्रपूरला.
गाडीत ड्रायव्हर, त्यांचा मुलगा रूपचंद,
आणि पिशवी धरून मी.

मोठ्याने मोजत होते. त्यांच्यासाठी नाही, माझ्यासाठी.
एक. थांब. दोन. थांब.
दोनशेच्या पुढे अंगठ्यात गोळा आला.
रूपचंद म्हणाला, ‘आयकू येते का मायला?’
मी म्हटलं, बोला.
तो बोलला, ‘धानाचं मी पाहतो, माय,’
आणि एवढंच पुन्हा पुन्हा.
जंगलाच्या पट्ट्यात चितळं आडवी आली, ब्रेक लागला,
माझं डोकं लोखंडी कपाटावर आदळलं.
मोजत राहिले.
चंद्रपूरचा पूल आला तेव्हा
कधीतरी लक्षात आलं की मी थांबते आहे,
दर वेळी, नीट,
त्यांची छाती खाली बसताना बघते आहे.

नवव्या दिवशी वॉर्डात गेले.
त्या उशीला टेकून बसलेल्या, आवाज घोगरा.
‘तूच का वं ती मोजनारी?’
मी हो म्हटलं.
‘चारशे अकराच्या मागून चारशे तेरा मनलीस तू.
मी बी मोजत होतो ना. पेंढ्या मोजतो तसा.
हात हालत नोयता,
नायतर टोकलो असतो तुले.’

माझ्या वहीत त्या रात्रीची एकच ओळ आहे:
वेळ, मिनिटाला दहा, सही.
चितळं त्यात नाहीत.
चारशे बारा कुठे गेला, नाही.
नुसता आकडा सांडला की आकड्याखालचा श्वासही,
मला खरंच आठवत नाही.

विचारलं नाही त्यांनी.
रूपचंदने उकडलेले शिंगाडे आणले होते,
त्यांना अजून गिळायची मनाई.
एक त्यांनी सावकाश सोलला, माझ्या हातावर ठेवला,
आणि मी तो चावून संपवेपर्यंत
माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या.