वीस वेळा

फैजपूरच्या बाजारात सुपडाबाई म्हणाली,
हे बामणोदचं, ते उपरं.
दोन्ही वांगी हिरवी, सारखीच लांबट,
देठाचा काटासुद्धा एकाच बाजूला वळलेला.
"कशावरून?"
"ते नही सांगनार. माह्या पोटाची गोठ आहे ती."

मी हट्टाला पेटले.
वांगी पाठीमागे नेली,
कधी अदलाबदल केली, कधी नाही,
पुन्हा समोर धरली.
"बदललं."
"नही बदललं."
"नही बदललं. लबाड पोरी."
वीस वेळा. एकदाही चुकली नाही.
नुसत्या अंदाजाने एवढं जमायचं
दहा लाखांत एखादीला.

घरी येताना पिशवीत वांगी होती,
मनात पक्की खात्री,
आणि वांगं निवडायची अक्कल
सकाळी होती तेवढीच.

गटाची वही मीच केली होती, मोबाइलवर,
साखळीतली, न खोडता येणारी,
एकवीस बायकांकडे एकवीस प्रती.
नावं नव्हती, नुसते आकडे.
पण एकवीस जणींत आकडा ओळखायला
असा किती वेळ लागतो?
कोकिळाच्या आकड्यावरून दर तीन तारखेला
भुसावळच्या कुठल्याशा आकड्याला पैसे जात.
दळणाच्या रांगेत कुणीतरी ते जुळवलं.
कुणी म्हणालं वकील.
कुणी म्हणालं डॉक्टर,
आणि कसला, ते आवाज उतरवून.
पुढच्या बैठकीला कोकिळा आली नाही.
वहीत एका पैशाची चूक नव्हती.

त्या रात्री तुराट्यांवर वांगं भाजताना
सुपडाबाईचं हसू आठवलं
आणि वांगं एका बाजूने करपलं.

पुन्हा लिहायला तीन महिने गेले.
आता वही दोनच गोष्टी विचारते:
तू आमच्यातलीच का?
आणि तुझी बचत पुरेशी का?
उत्तराबरोबर पुरावा येतो, तो तपासता येतो,
उसवता येत नाही.
कोण, किती, कुणासाठी,
हे बघायची खिडकीच ठेवली नाही.
माझ्यासाठीसुद्धा.

काल कुणीतरी कर्ज मागितलं.
पुरावा खरा निघाला,
एकवीस फोनांवर हिरवी खूण उमटली.
मी सवयीने खाली-खाली सरकवत गेले,
एखादी तारीख, एखादं भुसावळ सापडतंय का बघत.
माझीच वही, आणि मला काही सांगेना.

कोकिळा असेल.
नसेलही.
फोन लावावासा वाटला,
मग एक तुराटी मोडून
चुलीत सारली.