निम्मी घोडी

मखमलाबादच्या पुढे, द्राक्षबाग संपते तिथे
तारेच्या कुंपणात एक रिंगण.
मंगळवार, शुक्रवार, सकाळी सहा.
शौकत ओरडतो, टाचा खाली, नजर वर,
आणि मॅडम, श्वास घ्या.
चौतीस वर्षं कॅश काउंटरमागे बसून होते,
कसं बसायचं ते कुणी आत्ता सांगतंय.

सुपारी. कुमैत, नऊ वर्षांची, डाव्या कानाला खाच.
दुडकीत माझी हाडं
सुट्ट्या नाण्यांसारखी वाजतात.

दातांचे डॉक्टर बेंडकुळे म्हणाले,
निम्मी तुम्ही घ्या, निम्मी मी.
पासबुकाच्या पाठीवर मांडून पाहिलं:
लसूणघास, हरभरा, दीड महिन्याला नाल,
पोटशूळ उठला तर डॉक्टर
(बेंडकुळे नव्हे, दुसरा).
बेरीज जमते.
घोडं अडतं ते पुढच्या ओळीत,
निम्मी म्हणजे कुठली?

शौकत हसला नाही. तंग आवळत म्हणाला,
"पाय चारही तुमचेच. वार तेवढे वाटून घ्या."

काल बुधवार. बेंडकुळ्यांचा.
भाजीला म्हणून निघाले
आणि स्कूटर मखमलाबादकडे वळली.
लांबूनच पाहिलं.
टाचा खाली, नजर वर,
दोघांचं छान चाललेलं.
राग आला. कुणाचा, ते कळेना.
गाजरं पिशवीतच राहिली.

घरचे विचारतात, काय, न्हालं का घोडं गंगेत?
गंगा काय, पुलाखालीच आहे, म्हणते मी,
घोडी पाण्याला बिचकते.

उद्या शुक्रवार.
गाजरं फ्रीजमध्ये, खालच्या कप्प्यात.
भाजीत घालू नका, सांगून ठेवलंय.